दुखत नाही, म्हणून बरे आहे?

पायातली चप्पल वाटेत निसटते आणि माणूस तसाच चालत राहतो. घरी आल्यावर दुसऱ्या कोणीतरी सांगितले की मग त्याला कळते. ऐकणाऱ्याला हसू येते. पण त्या माणसाला मधुमेह असेल तर ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्याच्या पायांच्या नसा गप्प होऊ लागल्याची ती खूण असते.

रक्तवाहिनीलाही आपण बोलताना ‘नस’ म्हणतो. येथे नस म्हणजे मज्जातंतूंचा जुडगा. मेंदू कवटीत आणि मज्जारज्जू पाठीच्या कण्यात सुरक्षित असतात. मेंदूपासून नसांच्या १२ आणि मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघतात व शरीरभर पसरतात. या जाळ्याला परिघीय मज्जासंस्था म्हणतात. तिला हाडांचे कवच नसते. म्हणूनच कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. तेथे नस अगदी कातडीखाली असते.

तीन प्रकारची कामे

नसांतले संवेदी तंतू स्पर्श, उष्णता, वेदना यांची बातमी आत पोहोचवतात. प्रेरक तंतू स्नायूंना हालचालीचा हुकूम देतात. तिसरे स्वायत्त तंतू घाम, हृदयाचे ठोके, पचन अशी न सांगता चालणारी कामे पाहतात.

सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. पायाला ठेच लागली की आधी चटकन कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. पहिली बातमी जलद तंतूंनी आणलेली असते. दुसरी आणणारे तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर जातात.

सुरुवात पायांपासूनच का?

पायाच्या बोटांची जाणीव आणणारा तंतू कमरेजवळच्या एका पेशीतून निघतो. त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. तंतूच्या दुरुस्तीचे सामान त्या पेशीतच तयार होते आणि टोकापर्यंत पोहोचवावे लागते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की तंतूंना आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांबचे टोक आधी बिघडते. म्हणून दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते आणि मग बधिरपणा मोज्यासारखा वर चढत जातो.

मांडी घालून बसल्यावर पायाला येणाऱ्या मुंग्या दाब हटताच थोड्या वेळात जातात. या मुंग्या तशा जात नाहीत. पुढे आग थांबते, तेव्हा रुग्णाला बरे वाटते. पण कित्येकदा आजार बरा झालेला नसतो, बातमी येणेच बंद झालेले असते! शिवाय घाम कमी झाल्याने टाचा कोरड्या पडून भेगाळतात, पंजाचे लहान स्नायू दुबळे होऊन बोटे वाकडी होतात आणि एकाच जागी भार पडतो. तेथे झालेली जखम दुखत नाही, म्हणून दिसत नाही. दिसेपर्यंत चिघळलेली असते.

हा धडा वैद्यकशास्त्राला कुष्ठरोगाने शिकवला. या रोगात बोटे आपोआप झडतात, असा समज होता. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, नसा बधिर झाल्यामुळे नकळत होणाऱ्या भाजण्या-कापण्याने आणि त्यातल्या जंतुसंसर्गाने बोटे जातात. म्हणजेच ती वाचवता येतात.

घरच्या घरी काय कराल?

मधुमेह असलेल्या व्यक्तीने रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्या कोणी पाहावे. आंघोळीचे पाणी पायाने अजमावू नये. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकू नयेत. चप्पल घरातही घालावी. उन्हाने तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको. बूट घालण्यापूर्वी झटकावा. कुरूप ब्लेडने कापू नये.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची जाणीव तपासून घ्यावी. नायलॉनचा धागा टेकवून होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते. मधुमेह नसतानाही मुंग्या टिकून राहिल्या तर तपासणी करावी. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मद्यपान हेही कारण असू शकते. अंगावर बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते. हातापायांची शक्ती अचानक गेली, तर मात्र त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

गेलेली जाणीव परत येईलच, असे नाही. साखर ताब्यात ठेवली तर उरलेली मात्र जपता येते. आज रात्रीच घरातल्या मधुमेही माणसाचे पाय एकदा दिव्याखाली नीट पाहा.