वाचनालय, धरण आणि आपली चार खोकी

आधी कबुली देऊन टाकतो. म्हणजे पुढे जो आरडाओरडा करणार आहे तो फक्त दुसऱ्यांवर आहे असं वाटायला नको.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने "आदिवासी भागातल्या वाचनालयाला पुस्तकं" असा उपक्रम केला. टीममध्ये नंदुरबार जिल्ह्यातला मी एकटाच, त्यामुळे वाचनालय शोधायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात. कॅन्टीनबाहेर खोका ठेवला, मेल फिरवली आणि पंधरा दिवसांत चार खोकी भरली. आत काय होतं? जावाची दोन जाडजूड पुस्तकं (आवृत्ती विचारू नका). कॅटच्या तयारीचे संच, त्यातली निम्मी उत्तरं आधीच पेन्सिलने टिकमार्क केलेली. यशस्वी माणसं सकाळी किती वाजता उठतात हे इंग्रजीत सांगणारी पुस्तकं, किमान पंधरा. आणि कोणाच्या तरी लग्नात अहेर आलेला एक ग्रंथसंच, ज्याचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. थोडक्यात, घरातला माळा साफ झाला आणि पुण्यही लागलं.

वाचनालय शहादा-तळोदा भागातलं, 'ड' वर्गाचं. गावाचं नाव सांगत नाही, ग्रंथपाल भाऊंना उगाच ताप नको. एक खोली, तीन कपाटं, लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं. आमचे फोटो काढणं चालू होतं तेवढ्यात जवळच्या पुनर्वसन वसाहतीतले एक म्हातारे बाबा नातवाचा हात धरून आत आले. दुसऱ्या हातात खताच्या दुकानात मिळते तसली प्लॅस्टिकची पिशवी. बाबा पावरीत बोलत होते, नातू मराठीत सांगत होता. पिशवीत कागद होते. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, जमिनीच्या नोटिसा, मोर्च्यांची पत्रकं, घडीवर फाटलेला एक हाताने काढलेला नकाशा, आणि नदीकाठी उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांचा एक फोटो. बाबांचं म्हणणं एवढंच, की घर गळतं, कागद खराब होतायत, इथे कपाट आहे तर इथे ठेवा.

भाऊ ओशाळले. म्हणाले, "बाबा, मी ठेवीन हो. पण दाखल नोंदवहीत काय लिहू? लेखक काय लिहू? प्रकाशक काय, किंमत काय?" मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, "साहेब, तपासणी असते. नोंद नसलेली वस्तू कपाटात दिसली की ती कुठून आली ते सांगायचं कोणी?"

आमची चार खोकी मात्र त्याच दुपारी दाखल झाली. लेखक होता, प्रकाशक होता, किंमत छापलेली होती. जावाच्या त्या पुस्तकाला क्रमांक मिळाला आणि बाबांची पिशवी आली तशी परत गेली.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरदार सरोवर धरण गुजरातेत, पण त्याचं पाणी महाराष्ट्रातही चढलं. अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली नर्मदाकाठची ३३ गावं बाधित. पहिलं मणिबेली, १९९३ च्या पावसाळ्यात तिथे घरांत पाणी शिरलं. पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली, दर टप्प्याला आणखी काही घरं, शेतं, देवाच्या जागा. शेवटची उंची १३८.६८ मीटर, आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला. माणसं वर डोंगरात सरकली किंवा खाली सपाटीवर आली. तळोद्याच्या जंगलातली जमीन मोकळी करून वसाहती उठवल्या, सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर.

धरण हवं होतं की नको, हा आजचा वाद नाही. कच्छ-सौराष्ट्राला पाणी मिळालं हे खरं आहे आणि ही गावं गेली हेही खरं आहे. माझा मुद्दा दुसरा आहे. भूकंप एका रात्रीत होतो, पूर दोन दिवसांत ओसरतो. ही आपत्ती सव्वीस वर्षं चालली, कॅलेंडर बघून, सूचना देऊन, सरकारी शिक्क्यानिशी. असं असताना तिची नोंद तर सर्वात चांगली असायला हवी ना? आहेही. पण कशाची? हेक्टरची, खातेदारांची, पूररेषेची, धनादेशांची. ओढ्यांना काय नावं होती, कुठल्या घाटावर डोंगी लागायची, कोणत्या महूच्या झाडाखाली पंचायत बसायची, पहिल्या रात्री पाणी आलं तेव्हा कोण कोणाला उठवायला धावलं, याचा रकाना त्या तक्त्यांत नाही.

विचित्र गोष्ट म्हणजे मणिबेली हे नाव जगाला माहीत आहे. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२ चा, मार्च १९९३ मध्ये बँकेचं कर्ज थांबलं, आणि १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी बँकेने मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवावं म्हणून जे जाहीरपत्र काढलं त्याचं नावच 'मणिबेली जाहीरनामा'. वॉशिंग्टनमध्ये मणिबेली फायलीत आहे. मी गेलो त्या वाचनालयात मणिबेलीवर एक पानही नव्हतं. सातपुड्यावर पर्यटनाची एक पुस्तिका होती, तोरणमाळच्या फोटोसकट.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे आठवणी जपायची पद्धतच नाही. साफ खोटं. याच जिल्ह्यात बघा. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. ही पाच नावं आमच्याकडच्या शाळकरी पोरांना पाठ असतात. चौक आहे, स्मारक आहे, दरवर्षी कार्यक्रम आहे. आणि असायलाच हवा. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २ मार्च १९४३ ला, तळोदा तालुक्यात रावलापाणीला इंग्रजांनी आदिवासींवर गोळ्या झाडल्या. संत गुलामहाराजांनी सुरू केलेल्या 'आप' चळवळीची ती माणसं. दगडांवरच्या गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात. पण पुण्यात दहा जणांना विचारा रावलापाणी कुठे आहे. मी विचारलं. एकाने कोकणात म्हणून सांगितलं.

आणि नोव्हेंबर १९९३. अक्राणी तालुका, बुडिताच्या सर्वेक्षणाला विरोध, पोलिसांचा गोळीबार, आणि रेहमल पुन्या वसावे नावाचा मुलगा ठार. वयाने शिरीषकुमारच्याच आसपासचा. त्याचं नाव आंदोलनातल्या लोकांना पाठ आहे. तो ज्या जिल्ह्यात वाढला तिथल्या सार्वजनिक कपाटात ते कुठे आहे? (तेव्हा जिल्हा धुळे होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे जुने कागद कुठल्या कचेरीत शोधायचे इथूनच गाडी अडते.) म्हणजे प्रश्न पद्धतीचा नाही. कोणाचं दुःख दाखल करून घ्यायचं आणि कोणाचं दारातून परत पाठवायचं, हा आहे.

बाहेर काय करतात ते सांगतो. अमेरिकेचं नाव काढलं की लोक चिडतात म्हणून आधी जपान. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत भूकंप झाला. कोबे विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'शिन्साई बुन्को', म्हणजे भूकंपाचं स्वतंत्र दालन, लोकांसाठी उघडलं. पुस्तकं आणि अहवाल तर घेतलेच, पण पत्रकं, भित्तिपत्रकं, स्वयंसेवकांची हाताने काढलेली वार्तापत्रं, असलं सगळं. ज्याला किंमत नाही, प्रकाशक नाही, ते सगळं! आपला किल्लारीचा भूकंप त्याच्या आधी सव्वा वर्ष, ३० सप्टेंबर १९९३. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं नव्या जागी वसवली. त्या वेळच्या छावण्यांमधल्या याद्या, चिठ्ठ्या, मदतीच्या ट्रकवरची फलकं कोणी जमवली? माझ्या एका मित्राच्या आईने तिथे दोन महिने स्वयंपाक केला होता. तिची वही होती, रोज किती ताटं झाली त्याची. घर बदलताना रद्दीत गेली.

आता अमेरिका. फर्ग्युसन. (आपलं कॉलेज नव्हे, मिसूरी राज्यातलं गाव.) २०१४ मध्ये पोलिसांनी मायकेल ब्राउन या तरुणाला गोळी घातली आणि गाव पेटलं. शाळा बंद पडल्या तेव्हा तिथलं छोटंसं सार्वजनिक वाचनालय उघडं राहिलं. पोरं तिथे बसून शिकली, मोठी माणसं नुसती येऊन बसली. पूर्णवेळ ग्रंथपाल किती? एक. स्कॉट बॉनर. आमच्या भाऊंसारखाच एकखांबी तंबू. फरक इतकाच, की त्याला दार उघडं ठेवण्यासाठी जगभरातून देणग्या आल्या आणि भाऊंना आमचं जावा आलं.

आता आपल्या जातभाईंकडे वळतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे सगळं सांगितलं की एकच उत्तर ठरलेलं. "सगळं स्कॅन करून क्लाउडवर टाक ना! वीकेंडचं काम आहे." मीही आधी तेच म्हणालो होतो. पण मंडळी, आपण कुठल्या तोंडाने बोलतोय? जिओसिटीजवरची मराठी पानं आठवतात? २००९ मध्ये याहूने दुकान बंद केलं. ऑर्कुटवरच्या आपल्या गावांच्या कम्युनिटीज, २०१४ मध्ये गेल्या. ज्यांनी 'शिवाजी' फॉन्टमध्ये लेख लिहून ठेवले त्यांना ते आज स्वतःलाच वाचता येत नाहीत. आमच्या धंद्यात वीस वर्षं म्हणजे अश्मयुग, आणि इथे तर एका पिढीने दुसऱ्या पिढीला द्यायची गोष्ट आहे. स्कॅन जरूर करा, दोन प्रती ठेवा, तीन ठेवा. पण मूळ कागद कुठेतरी राहिला पाहिजे, आणि तो मागायला बाबांना पासवर्ड लागता कामा नये. चालत जाता आलं पाहिजे. तिथला माणूस ओळखीचा पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य असतो. "कशाला जुन्या जखमा उकरायच्या? पुढे जाऊ द्या की त्यांना." हे बोलणाऱ्याचं घर सहसा कोरडं असतं. त्या दुपारी भाऊंनी पिशवी ठेवून घेतली नाही, पण बाबांना टेबलाशी बसवलं आणि चहा मागवला. फोटोतली माणसं कोण, असं सहज विचारलं. बाबांनी एकेकावर बोट ठेवून नावं सांगायला सुरुवात केली, हा वारला, ही गुजरातच्या वसाहतीत, हा माझा भाऊ. मध्येच नातवाचं भाषांतर थांबलं. त्याने बाबांनाच काहीतरी विचारलं, मग दोघंच बोलत राहिले. आम्हाला काही कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने नातू म्हणाला, "आमचं घर नदीपासून किती लांब होतं ते मला माहीत नव्हतं." तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, एकाच छपराखाली राहतो, आणि हा प्रश्न घरात कधी निघालाच नव्हता. जखम उकरणं कशाला म्हणतात ते मला माहीत नाही. पण घरी परतताना तो पिशवी स्वतः धरून चालत होता.

हे काम होऊ शकतं याचा पुरावाही आहे. नंदिनी ओझा यांनी वर्षानुवर्षं नर्मदेच्या लोकांची कथनं ध्वनिमुद्रित केली. त्यातून केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे या आदिवासी नेत्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेला इतिहास 'लढा नर्मदेचा' म्हणून २०१७ मध्ये राजहंसने काढला. उत्तम पुस्तक आहे, विकत घ्या. पण एका व्यक्तीच्या चिकाटीवर जिल्ह्याची आठवण टांगून ठेवायची, याला आपण कामात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो आणि रिव्ह्यूमध्ये लाल शेरा मारतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. राज्यात हजारो अनुदानित वाचनालयं आहेत, म्हणजे जाळं तयार आहे. त्यात 'ड' वर्गाचं वर्षभराचं अनुदान आपल्यातल्या अनेकांच्या एका महिन्याच्या पगाराहून कमी. त्यातच पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि भाऊंचं मानधन. वर आपण त्यांच्याकडून समाजाच्या जखमा भरायची अपेक्षा करणार!

माझी मागणी स्मारकाची नाही. दाखल नोंदवहीत एक रकाना वाढवा, 'स्थानिक कागद व कथन', किंमत शून्य चालेल असा. एक लोखंडी कपाट, वाळवी न लागणारं. आवाज टिपायला साधा रेकॉर्डर. पावरी, भिलोरी, देहवाली येणारी दोन पोरं, आणि त्यांना पैसे, "अनुभव मिळेल" नाही. सरकारच्या पुस्तिका आणि आंदोलनाची पत्रकं एकाच फळीवर, शेजारी शेजारी, भांडू देत. सांगणाऱ्याने "हे बाहेर देऊ नका" म्हटलं तर ते बाहेर जाणार नाही, अगदी आपल्या स्कॅनरमध्येसुद्धा नाही. हा रकाना वाढवायला विधिमंडळ लागत नाही. एक परिपत्रक पुरेल. तेवढ्यासाठी मी दोन अर्ज केलेत, दोन्हींची पोच मिळाली आहे, उत्तर नाही. असो. तिसरा टाईप करून ठेवलाय.

होळीच्या आठवड्यात गावी जातोय. काठीची होळी बघायला येणारे बरेच असतात, यंदा वाटेत भाऊंच्या वाचनालयात एक दिवस थांबणार आहे. कपाटाचे पैसे आम्ही पाच जणांनी जमवलेत, किल्ली भाऊंकडे राहील. बाबा पिशवी घेऊन येणार आहेत, नातवाने कळवलंय. कोणाला पावरी येत असेल, किंवा ओल लागलेले कागद कसे वाळवायचे ते नीट माहीत असेल, तर गाडीत दोन जागा आहेत. पुस्तकं आणू नका.