इशारा वाजला, धावणार कोण?

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात बाळंतिणीची तब्येत मध्यरात्री बिघडली, की नातेवाइकांना पुढची वाट पाठ असते. आधी भोकरदन, मग जालना आणि तिथेही भागले नाही तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. गाडीत वेळ जातोच. पण त्याहून मोलाचा वेळ त्याआधी खाटेवरच निघून गेलेला असतो. रक्तस्राव होत असताना नाडी वाढते, श्वास जलद होतो, रक्तदाब मात्र बराच उशिरा कोसळतो. तो कोसळल्यावर धावाधाव सुरू होते.

हा वेळ वाचवणारी साधने आता हाताशी आहेत. छातीवर चिकटवायची पट्टी किंवा मनगटावरचा पट्टा नाडी, श्वास आणि ऑक्सिजन सतत मोजतो. आकडे दूरच्या डॉक्टरच्या पडद्यावर उमटतात. आयआयटीत शिकलेल्या दोन तरुणांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘डोझी’ची पट्टी तर अंगाला लावावीही लागत नाही. गादीखाली राहून ती हृदयाची आणि श्वासाची सूक्ष्म कंपने टिपते. श्वास नीट मोजायला पूर्ण मिनिट लागते आणि भरलेल्या वॉर्डात एकट्या सिस्टरला ते मिनिट मिळत नाही. म्हणून अशा साधनांचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पण साधन मोजते, उपचार करत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकसह आफ्रिका, भारत आणि हैतीतल्या दहा ठिकाणी बाळंतिणींसाठी रक्तदाब व नाडी मोजून हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवणारे यंत्र दिले गेले. पाच लाखांहून अधिक प्रसूतींच्या या अभ्यासाच्या काळात मृत्यू व गंभीर गुंतागुंती थोड्या घटल्या. पण ते श्रेय यंत्राचेच, असे संशोधकांना ठामपणे म्हणता आले नाही. लाल दिव्यानंतर रक्त, औषध, शस्त्रक्रिया आणि गाडी लागते, आणि ती दिव्यासोबत येत नाहीत.

याउलट कोरोनाकाळात १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आठवा. आशाताई आणि स्वयंसेवक ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले. ऑक्सिजन ९५ च्या खाली दिसला तर रुग्णाला कुठे पाठवायचे, हे आधी ठरलेले होते. आकड्याला पुढचे पाऊल जोडलेले होते, म्हणूनच तो मोजण्याला अर्थ होता. पण आकडा विश्वासार्हही हवा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले, की काळ्या रुग्णांमधली ऑक्सिजनची छुपी घट ऑक्सिमीटरकडून गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा निसटते. मराठवाड्याच्या सावळ्या त्वचेवर ही साधने तपासल्याशिवाय विकत घेऊ नयेत.

आकडा खरा असला, तरी पुढे औषधे आणि माणसे हवीतच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांतली १२ नवजात बाळे होती. तेव्हा वाद पेटला तो औषधांच्या तुटवड्यावर आणि रिकाम्या पदांवर. प्रत्येक खाटेला संवेदक असता तर रात्रभर इशारे वाजले असते, एवढेच. आणि सतत वाजणाऱ्या खोट्या इशाऱ्यांनी कर्मचाऱ्यांचे कान बधिर होतात, हा तर जगभरच्या अतिदक्षता विभागांचा अनुभव आहे.

जालन्यात २०२४ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे चोवीस तासांचा नियंत्रण कक्ष उभारावा आणि जिल्ह्यातली ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याला जोडावीत. सुरुवात प्रसूतीनंतरच्या पहिल्या चोवीस तासांपासून करावी. इशारा आल्यावर फोन कोण उचलेल, तो न उचलल्यास दुसरा कोण, १०८ रुग्णवाहिका कोण बोलावेल, वीज गेली तर काय, हे ड्युटी चार्टवर नावानिशी लिहिलेले हवे. पुरवठादाराच्या करारात देखभालीची अट हवी, रुग्णाची माहिती कोण पाहणार याचीही. आणि खरेदीचा आदेश निघण्याआधी त्या केंद्रांतली परिचारिकांची रिकामी पदे भरली गेली पाहिजेत.