साक्षीदार घरात आहे

उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील अर्जदाराला चार साधे प्रश्न विचारतात. नाव काय? वय काय? आज कोर्टात कशाने आलात? सकाळी काय खाल्लं? तो चारही उत्तरे बरोबर देतो. मग पाचवा प्रश्न येतो, ‘म्हणजे आता तुमचं सगळं ठीक आहे ना?’ तो म्हणतो, ‘हो.’ मागच्या बाकावर बसलेली त्याची बायको मान खाली घालते. तिच्या मांडीवरच्या पिशवीत दोन वर्षांची औषधांची बिले असतात आणि त्या एका ‘हो’ने दाव्यातली निम्मी हवा गेलेली असते.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वावरणाऱ्या वकिलांना हे दृश्य नवे नाही. पाय गमावलेला माणूस कुबडी घेऊन पिंजऱ्यात येतो, त्याची दुखापत न्यायाधीशांना दिसते. मेंदूला मार लागलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो, हसतो आणि स्वतःच्याच दाव्याविरुद्ध साक्ष देऊन जातो. तो खोटे बोलत नसतो. कपाळामागच्या भागाला इजा झाली की स्वतःत पडलेला फरक अनेकांना उमगतच नाही. हे न उमगणे दुखापतीचाच एक भाग आहे, आणि ते न्यायाधिकरणाला समजावून सांगणे ही अर्जदाराच्या वकिलाची जबाबदारी आहे. बहुतेक दाव्यांत ती पार पाडली जात नाही, हे कबूल करायला हवे.

2022 साली देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 4,43,366 माणसे जखमी झाली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. जखमींची वर्गवारी गंभीर आणि किरकोळ अशी आहे. मेंदूचा रकाना त्यात नाही. तो रकाना पुढच्या कागदांतही सापडत नाही, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

पहिला कागद डिस्चार्ज कार्ड. त्यावर ‘जीसीएस 15/15, कॉन्शस, ओरिएंटेड’ असा शेरा असतो आणि विमा कंपनीचे वकील तो मोठ्याने वाचून दाखवतात. ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस) 1974 साली ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जनांनी तयार केले, ते रुग्णाची शुद्ध किती आहे हे खाटेशेजारी उभे राहून चटकन मोजता यावे म्हणून. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितले की हात हलवतो का, एवढेच ते पाहते. पंधरापैकी पंधरा मिळवणारा माणूस किराणा दुकानात तीन वस्तू आणायला गेला तर दोन विसरू शकतो, पोरावर हात उगारू शकतो, गॅस सुरू ठेवून झोपू शकतो. सीटी स्कॅनचेही तसेच. मेंदूतले तंतू ताणले गेल्याची इजा पुष्कळदा सीटीत दिसत नाही, म्हणून ‘सीटी नॉर्मल’ याचा अर्थ ‘माणूस नॉर्मल’ असा होत नाही.

दुसरा कागद अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत 21 प्रकार आहेत. त्यांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावे आहेत, अपघातातल्या मेंदूच्या दुखापतीचे स्वतंत्र नाव नाही. परिणामी, रुग्णाची एक बाजू लुळी पडली असेल तर त्या हातापायाची टक्केवारी लिहिली जाते. स्मरणशक्ती, राग आणि निर्णयशक्ती यांची तपासणी कोणी मागितली नाही, तर ती होतही नाही. वकिलानेही ती मागितलेली नसते.

एका वायरमनचे उदाहरण घेऊ. वय 28, उत्पन्न महिना 15,000. हातात थोडा अशक्तपणा राहिला म्हणून प्रमाणपत्रावर 40 टक्के आले. भविष्यातील उत्पन्नवाढीचे 40 टक्के धरले की महिना 21,000, वर्षाला 2,52,000 होतात. 26 ते 30 वयोगटाचा गुणक 17 लावला की 42,84,000. त्याचे 40 टक्के म्हणजे 17,13,600. गणित बिनचूक आहे आणि उत्तर चुकीचे आहे. कारण हा माणूस पक्कड अजून धरतो, पण कोणती वायर चालू आहे हे पाच मिनिटांनी त्याला आठवत नाही. कोणता कंत्राटदार त्याला बोर्डाला हात लावू देईल? त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली आहे. कागदावरचे 40 आणि खरे 100 यांत 25,70,400 रुपयांचा फरक पडतो.

याला कायद्याचा आधार शोधत हिंडावे लागत नाही. ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या 2010 च्या निवाड्यात न्या. रवींद्रन यांनी शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. डावा हात गमावलेला सुतार आणि डावा हात गमावलेला सरकारी कारकून यांचे नुकसान एकच नाही, हे त्यातले उदाहरण प्रत्येक वकिलाला पाठ असते. अर्जात तो निवाडा उद्धृत होतो, पण त्याला लागणारा पुरावा अर्जासोबत नसतो.

तो पुरावा दोन ठिकाणी मिळतो. एक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने केलेली न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी. बंगळुरूच्या निम्हान्सने 2004 मध्ये भारतीय रुग्णांसाठी मानकांसह चाचणीसंच प्रसिद्ध केला, त्यामुळे ‘या चाचण्या परदेशी लोकांसाठी आहेत’ हा आक्षेप फारसा टिकत नाही. दुसरे ठिकाण त्याहून स्वस्त आहे, ते म्हणजे अर्जदाराचे घर. बायकोने शंभर पानी वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात: आज रस्ता चुकले, आज पगाराची चौकशी चार वेळा केली, आज वास येत नाही म्हणून करपलेलं कळलं नाही. पूर्वीचा मुकादम, शेजारी, मुलाची शिक्षिका यांनी ‘आधी कसे होते, आता कसे आहेत’ एवढेच शपथेवर सांगावे. अर्जदाराची सरतपासणी घ्यावीच लागली, तर त्याआधी हे सगळे रेकॉर्डवर आलेले असावे. मग त्याचे ते ‘हो’ दाव्याच्या बाजूने बोलू लागते.

सांभाळणाऱ्याचा खर्च हा मुद्दाही असाच बाजूला पडतो. सर्वोच्च न्यायालयाने 5 फेब्रुवारी 2020 रोजी न्या. दीपक गुप्ता यांनी लिहिलेल्या निकालात त्याला त्याची जागा दिली. (ज्या मुलीचा तो दावा होता, तिचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही. वकिलाला निकाल शोधायला तारीख पुरते.) 2007 मध्ये आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या बारा वर्षांच्या या मुलीला ट्रकची धडक बसली. तिचे सामाजिक वय नऊ महिन्यांच्या बाळाएवढे राहिले, असे चंडीगडच्या पीजीआयच्या तपासणीत दिसले. न्यायालयाने बारा-बारा तासांचे दोन मदतनीस धरले, प्रत्येकी महिना 5,000, त्याला 18 चा गुणक लावला आणि या एकाच सदराखाली 21,60,000 रुपये दिले. न्यायाधिकरणाने एकूण 11 लाखांवर, उच्च न्यायालयाने 25 लाखांवर दिले होते. अखेरचा आकडा 62,27,000 झाला. महिना पाच हजार हा दरही कमीच आहे, आणि घरातली आई किंवा बायको ते काम फुकट करते म्हणून तो खर्च शून्य ठरत नाही. तरी अनेक अर्जांत हे सदर ‘किरकोळ’मध्ये ढकललेले दिसते.

आता वेळेचा प्रश्न. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 166(3) मध्ये सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर फाईल कपाटात ठेवणे शहाणपणाचे नाही. अर्ज लवकर दाखल करावा. घाई नको ती मिटवण्याची. कलम 149 नुसार विमा कंपनी 30 दिवसांत तडजोडीची रक्कम पुढे करू शकते, आणि हॉस्पिटलचे कर्ज डोक्यावर असलेल्या कुटुंबाला ती देवासारखी वाटते. मेंदूची सुधारणा मात्र सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे चालते. काय परत येणार आणि काय कायमचे गेले, हे तिसाव्या दिवशी न्यूरोसर्जनही सांगू शकत नाही. फिट येण्याचा त्रासही पुष्कळदा उशिरा सुरू होतो. लोकअदालतीत सही झाली की निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हाडाच्या दाव्याला लोकअदालत चांगली. मेंदूच्या दाव्यात ती पहिल्या वर्षी टाळलेलीच बरी.

रुग्ण कोमात असेल तर वकीलपत्रावर सही कोणाची, हा पेच पहिल्याच दिवशी येतो. कोमातल्या माणसाचा पालक नेमण्याची सरळ तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, मुंबई उच्च न्यायालयानेही अनुच्छेद 226 खाली पत्नीला पालक नेमल्याची प्रकरणे आहेत. जो शुद्धीवर आहे पण स्वतःचे हित सांभाळू शकत नाही, त्याच्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 32, नियम 15 आहे. हा अर्ज आधी केला नाही, तर निकालानंतर चाळीस लाखांचा धनादेश अशा माणसाच्या खात्यात जातो, जो भेटेल त्याला उसने देतो. मुदत ठेव किंवा दरमहा ठरावीक रक्कम देणारी ॲन्युइटी ठेव न्यायाधिकरणाकडून मागून घ्यावी.

आणि एक गोष्ट, जी व्हरांड्यात सगळ्यांना माहीत असते पण छापली जात नाही. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केली आहे. वीस-पंचवीस टक्क्यांचा तोंडी करार त्या बायकोच्या पदरातले मदतनिसाचे पैसे कापतो. महिला, मुले आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते, इतर बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. मदतीचा दूरध्वनी 15100. फी परवडत नसेल तर हा क्रमांक तिला पहिल्याच भेटीत लिहून द्यावा.