नाचाची लाज नेमकी कुणाला?

वस्तीतल्या समाजमंदिरात सगळ्यांसाठी नाचाचा वर्ग सुरू करा, असं म्हटलं की चळवळीतलेच काहीजण नाक मुरडतात. म्हणे, समाज नाचगाण्यातून बाहेर काढायचा की पुन्हा त्यात ढकलायचा?

या आक्षेपामागची जखम खरी आहे. तमाशाच्या फडात महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी घाम गाळला आणि बदनामीही त्यांच्याच वाट्याला आली. पण अपमान नाचात होता की एकीने नाचायचं आणि दुसऱ्याने पैसा फेकून बघायचं या व्यवस्थेत? आमचं उत्तर स्पष्ट आहे : व्यवस्थेत. वर्गात प्रेक्षकच नसतो. जो येतो तो नाचतो.

नाच वाईट की चांगला, हे या देशात नाचणाऱ्याची जात आणि खिसा बघून ठरतं. दक्षिणेत देवदासींचा नाच बदनाम ठरला. १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र काढलं आणि तोच नाच 'शुद्ध' होऊन भरतनाट्यम म्हणून उच्चवर्णीय घरांत प्रतिष्ठेचा झाला. आपल्याकडे २००५ साली डान्सबारवर बंदी आली, पण तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेलांना सूट होती. ही बंदी घटनाबाह्य असल्याचा उच्च न्यायालयाचा निकाल २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. गरीब बाईचा नाच अश्लील आणि महागड्या हॉटेलातला सभ्य, ही नैतिकता आपण का वाहायची?

कुणी धम्माचा दाखला देतं. पंचशील आपल्याला पाठ आहे. त्यात नाचाला मनाई कुठे आहे? नृत्य-गीत-वादनापासून अलिप्त राहण्याचं शील अष्टशीलात येतं, आणि ते उपासक उपोसथाच्या दिवशी पाळतात. आणि चळवळीचा विचार गावोगाव नेला तो आंबेडकरी जलशांनीच, तमाशाचाच बाज घेऊन.

खरं तर आपण नाचतोच. १४ एप्रिलला डीजेपुढे कोण असतं? बहुतेक तरुण मुलं. बाया कडेने चालतात, म्हातारी माणसं ओट्यावरून बघतात, आणि अपंग किंवा तृतीयपंथी साथी त्या गर्दीत कुठे दिसतात? वर्षातून एक रात्र, तीही निम्म्या समाजाची. याला आपला उत्सव म्हणायचं?

आता आरोग्याचं बघू. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५० मिनिटांचे तीन वर्ग झाले की हिशेब पुरा. मधुमेह आणि रक्तदाब वस्तीतही आहेत. जिमची फी मात्र वस्तीला परवडत नाही. धुणीभांडी करून आलेल्या बाईला लोक म्हणतात, तुला कशाला व्यायाम, दिवसभर राबतेस की! राबणं मालकासाठी असतं. नाचणं स्वतःसाठी असतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वेळ बायांच्या सोयीची असावी. उभं राहता येत नाही त्यांना खुर्चीवर बसून नाचता यावं. लेकरं सोबत चालतील. जात, वय, लिंग कुणी विचारू नये. मोबाइलवर चित्रीकरण बंद. शिकवायला फडावरच्या अनुभवी कलावंत बाईंना बोलवा, आणि त्यांना 'मॅडम' म्हणून मानाने मानधन द्या.

ज्या शरीरांना गावाने फक्त राबवलं, त्यांनी आनंदासाठी हलणं हीसुद्धा समतेचीच मागणी आहे. समाजमंदिराची किल्ली तुमच्याच मंडळाकडे आहे. या रविवारी कुलूप उघडा.

जय भीम!