वीजजाळे ‘स्मार्ट’, पण कोणासाठी?

विद्युतजाळे आता ‘स्मार्ट’ होत आहे, अशी द्वाही राज्यकर्ते फिरवीत आहेत. जणू २०२१ साली केंद्राची सुधारित वितरण योजना येईपर्यंत ते निर्बुद्धच होते! हे भिलाईच्या कामगाराला सांगून पाहावे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या तेथील कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. पुढे कोरबाची वीज याच भिलाईमार्गे ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांनी विदर्भातील कोराडीपर्यंत पोहोचली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि देशाची पाचही विभागीय जाळी एका लयीत चालू लागली. मागणी-पुरवठ्याचा क्षणोक्षणी मेळ घालणारी ही बुद्धी सार्वजनिक पैशाने आणि अभियंता-कामगारांच्या श्रमाने आली.

मग आज ‘स्मार्ट’ म्हणून विकले जात आहे ते काय? मीटर! यंत्राशी कामगारवर्गाचे वैर नाही. बिघाड तत्काळ कळावा, दुपारची सौरवीज वाया जाऊ नये, यासाठी असे मीटर उपयोगी आहेत. प्रश्न मालकीचा आहे. खासगी कंपनी मीटर बसविते, अनेक वर्षे चालविते आणि दर मीटरमागे दरमहा शुल्क घेते. वितरण कंपनीच्या वसुलीतून तिचा हप्ता आधी वळता होतो. लाइनमनचा पगार त्यानंतर! मीटर वाचणाऱ्याचे तर कामच जाते. प्रीपेड पद्धतीत पैसे संपले की दिवा दुरूनच मालवता येतो. हुज्जत घालायला दारात माणूसही नसतो.

त्यावर वेळेनुसार दराची मेख. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी शेतीखेरीज इतर ग्राहकांसाठी सौरतासांत दर किमान २० टक्के कमी ठेवला. सर्वाधिक मागणीच्या तासांत मात्र घरगुती ग्राहकालाही किमान १० टक्के अधिक. दुपारी वीज स्वस्त खरी. पण ठेकेदाराचा कामगार तेव्हा भट्टीपुढे असतो. त्याच्या घरची चूल, पंखा, मुलांचा अभ्यास सारे सायंकाळचे. पाळी मालकाने ठरवायची आणि तिचा दंड कामगाराने भरायचा, याला ‘ग्राहकांचे हक्क’ असे नाव आहे!

ही वाट अडविता येते. समांतर खासगी परवान्याविरुद्ध महाराष्ट्रातील वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ रोजी संप पुकारला, तेव्हा सरकारला त्याच दिवशी बोलणी करावी लागली. सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असेही २०२४ साली त्याला जाहीर करावे लागले. मीटर मात्र आता पोस्टपेड म्हणून येत आहेत. म्हणून मागणी नेमकी हवी: मीटर आणि त्यातील नोंदी वितरण कंपनीच्याच मालकीच्या राहाव्यात, घरगुती ग्राहकावर वाढीव तासदर नसावा आणि मीटर वाचणाऱ्यांना त्याच कंपनीत काम मिळावे.