गाडी आपली, कर्ज कुणाच्या पसंतीचे?

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचे 2024च्या डिसेंबरात ‘विजयदुर्ग’ असे नामांतर झाले. सिंधुदुर्गातील किल्ल्याचे नाव लष्कराच्या पूर्व विभागाच्या मुख्यालयाला लाभले, याचा बंगालमधील मराठी माणसाला आनंद होणे स्वाभाविकच होते. मात्र फोर्ट विल्यम हे ज्या कंपनी सरकारचे ठाणे होते, त्याने दिलेला एक धडा नामांतराने पुसला जाणार नाही. कंपनी विणकरांना आगाऊ रक्कम देई. 1753 नंतर दादनी व्यापाऱ्यांना बाजूला सारून कंपनीचे गुमास्तेच ही उचल वाटू लागले. उचल घेतली की कापड कंपनीलाच द्यायचे, तेही ती ठरवील त्या भावाने. दुसरा गिऱ्हाईक अधिक दर देत असला, तरी विणकराला मुभा नसे. सौदा आणि कर्ज एकाच हाताने बांधले गेले की दुर्बळ पक्षाचे स्वातंत्र्य कसे संपते, याचा हा वस्तुपाठ होता.

आज मोटारविक्रेत्याच्या दालनात विणकराच्या जागी ग्राहक बसलेला असतो. गाडीची किंमत ठरते, सवलत जाहीर होते आणि मग हळूच अट पुढे येते: कर्ज आमच्यामार्फत घेतले तरच ही सवलत. आपल्या बँकेचे मंजुरीपत्र घेऊन गेलेल्याला कधी किंमत वाढलेली दिसते, तर कधी गाडी मिळण्याची तारीख लांबलेली. कर्ज मिळवून दिल्याबद्दल विक्रेत्याला वित्तसंस्थेकडून दलाली मिळते, हे त्यामागचे उघड गुपित आहे.

सरकारी नोकरांना हा प्रश्न पूर्वी एवढा जाचत नसे. केंद्र सरकार आपल्या पात्र कर्मचाऱ्यांना मोटारीसाठी अग्रिम देत असे. सातव्या वेतन आयोगानंतर 2016 मध्ये तो बंद झाला आणि अधिकारीही इतरांप्रमाणेच बाजाराच्या स्वाधीन झाला. त्यातून बदलीची नोकरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 नुसार वित्तपुरवठादाराचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर चढते. परराज्यात नवा नोंदणी क्रमांक घ्यायचा, तर त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पुण्यात घेतलेली गाडी कोलकात्याला नेणाऱ्याला सावकार कोण, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा एक वस्तू वा सेवा देण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही निर्बंधात्मक व्यापारी प्रथा मानतो. तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते, ही स्थलांतरितांसाठी मोलाची सोय आहे. स्पर्धा कायदा, 2002 मध्येही अशा सक्तीचा उल्लेख आहे; परंतु तेथे स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम झाल्याचे सिद्ध करावे लागते. एका ग्राहकाच्या आवाक्यातले ते काम नव्हे. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण बंधनकारक केले. त्यात वार्षिक खर्चाचा खरा दर कळतो. मात्र हा नियम कर्ज देणाऱ्याला आहे, विक्रेत्याला नाही. कर्ज नाकारल्यामुळे गमावलेली सवलत कोणत्याच कागदावर उमटत नाही.

अमेरिकेत हा वाद 1938 मध्येच पेटला होता. बड्या मोटार कंपन्या आपल्याच वित्तसंस्थेचे कर्ज विकण्याची सक्ती विक्रेत्यांवर करतात, म्हणून तेथील न्याय खात्याने खटले भरले. फोर्ड आणि क्रायस्लर यांनी तडजोड केली. जनरल मोटर्स लढली, 1939 मध्ये दोषी ठरली आणि 1941 मध्ये अपिलातही हरली.

विक्रेत्यामार्फत मिळणारे कर्ज नेहमीच महाग असते, असे नव्हे. उत्पादक कधी व्याजाचा भार स्वतः उचलतो, कागदपत्रांची धावपळही वाचते. तेव्हा अशा कर्जावर बंदी घालण्याचे कारण नाही. पडदा मात्र दूर व्हायला हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये उपाहारगृहांना बिलात सेवाशुल्क परस्पर लावण्यास मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जेवणाच्या बिलासाठी जे झाले, ते आयुष्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या खरेदीसाठी का होऊ नये? गाडीची किंमत कर्जापासून वेगळी, लेखी द्यावी. दलालीची रक्कम उघड करावी. स्वतःचे कर्ज आणणाऱ्याला गाडी देण्यात दिरंगाई नको. या तीन ओळींच्या मार्गदर्शक सूचनांसाठी नव्या कायद्याची गरज नाही, प्राधिकरणाच्या इच्छाशक्तीची आहे.

तोवर ग्राहकाने एवढे तरी करावे: आधी आपल्या बँकेचे मंजुरीपत्र घ्यावे आणि सवलतीची अट लेखी मागावी. तोंडी अट घालणारे पुष्कळ असतात. तीच अट सहीनिशी देणारे फार थोडे निघतात.