स्वल्पविराम, गोळ्या आणि आई

मंडळी, मागच्या अंकात टोमॅटोच्या रोपांवर लिहिलं होतं. या वेळी जरा आमच्या धंद्यातलं. सी भाषेचं नाव काढताच ज्यांना जांभई येते त्यांनी खुशाल पाककृतींच्या पानावर जावं. पण गोष्ट आईची आहे, तेव्हा शक्यतो थांबावं.

आई पुण्याला एकटी असते. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही. तिच्यासाठी आम्ही गोळ्यांचा एक डबा बनवला. झाकण उघडलं की आतली ईएसपी-८२६६ चिप न्यू जर्सीत आमच्या बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरला निरोप धाडते. शिवाय दर पाच मिनिटांनी ‘मी चालू आहे’ एवढं कळवते. पुण्यात सकाळी दहापर्यंत गोळीचा निरोप आला नाही, तर आमचा फोन वाजतो.

निरोप जेसन पद्धतीचा. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणलेली ही मांडणी अगदी साधी आहे. महिरपी आणि चौकोनी कंस, अपूर्णविराम, स्वल्पविराम, आणि मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत. एवढ्यासाठी लायब्ररी कशाला, म्हणून आम्ही एसप्रिंटएफनेच तुकडे चिकटवले.

एके दिवशी आईने फोनवरून कप्प्याचं नाव बदललं : मधुमेहाची "छोटी" गोळी. झालं! तिच्या अवतरणचिन्हापाशीच मजकूर संपला असं आमच्या कॉम्प्युटरला वाटलं आणि त्याने सगळे निरोप फेकून दिले. रात्री साडेबाराला आमचा फोन वाजला. आई फोन उचलेना. धाकटा भाऊ ऑफिस सोडून धावत गेला, तर बाईसाहेब शेजारी पापड लाटत होत्या. त्या अर्ध्या तासात आमच्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही.

मग आम्ही शहाणे झालो आणि सीजेसन ही लायब्ररी घेतली. दोन फायली, एमआयटी परवाना, अवतरणचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ ती आपणहून घालते. पण ती आधी मेमरीत सगळं झाड उभं करते आणि मग त्याचा मजकूर छापते. झाड मोडायचं आणि छापलेल्या मजकुराची जागाही वेगळी परत करायची. आम्ही दुसरं विसरलो. दिवसाला २८८ निरोप, प्रत्येकी दीडशेएक बाइट. चिपमध्ये मोकळी जागा जेमतेम ५० किलोबाइट. दुसऱ्याच दिवशी डबा गप्प. दोष अर्थातच आमचा. जेसन वाचायचंही असेल तर सीजेसनच घ्या.

आम्हाला फक्त लिहायचं होतं. तेव्हा दीडशे-दोनशे ओळींची आपलीच लायब्ररी लिहिली. सगळा स्वयंपाक करून पंगत मांडण्याऐवजी तव्यावरची पोळी थेट पानात! झाड नाही, एकच ठरावीक बफर. कंस किती खोल आहेत तेवढं लक्षात ठेवायचं आणि प्रत्येक पातळीवर ‘पहिला घटक झाला का’ याचा एक बिट. पहिला सोडून प्रत्येक घटकाच्या आधी स्वल्पविराम टाकायचा, म्हणजे शेवटी लोंबता स्वल्पविराम राहत नाही. जेसनला तो चालत नाही.

खरा घोळ देवनागरीचा. ‘मधुमेहाची’ ही आपल्याला पाच अक्षरं, पण यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. कप्प्याच्या नावाला आम्ही ४० बाइट ठेवले होते, आणि नाव मधेच तोडलं की एखाद्या अक्षराचा तिसरा हिस्सा मागे उरायचा. असं अर्धवट अक्षर आलं की पलीकडे पुन्हा सगळा निरोप बाद. आता जागा २०० बाइट केली आहे आणि तीही पुरली नाही तर आमची लायब्ररी सरळ नकार देते, अर्धामुर्धा निरोप पाठवत नाही. (सौ.चं म्हणणं, हा गुण आमच्यातही यावा.)

नवा प्रोग्राम भाच्याने रविवारी डब्यात भरला. रात्री अकराला पहिला निरोप आला, अवतरणचिन्हं जागच्या जागी. आईने कप्प्याचं नाव पुन्हा बदललं होतं : गोळी घेतली. "डबा" बोलतो, तू कधी बोलणार?

पुण्यात सकाळचे साडेआठ वाजले होते. आम्ही फोन लावला.